कुलूप, किल्ली आणि कानोसा



ज्या शाळेत मी पाटीवर मुळाक्षरे गिरवली, तिच्याच व्यासपीठावरून आमच्या गणिताच्या सरांच्या स्मृतीस वंदन करण्याचा योग मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर लाभत आहे, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात आणि महानुभावांच्या पोथ्या चाळण्यात गेले. तेव्हा मी प्राचीन वाङ्मयावर किंवा बेळगावच्या मराठीच्या भवितव्यावर बोलेन, अशी चालकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मी विषय कळवला तो ‘क्वांटम संगणकाच्या युगातील कूटलेखन आणि ते वाहणारी यंत्रे’ असा. चिटणीसांनी दोनदा दूरध्वनी करून, माझे पत्र चुकून दुसऱ्याच कोणाच्या पाकिटात तर पडले नव्हते ना, याची खात्री करून घेतली.

गणित मला कधीच आले नाही, हे येथे बसलेल्या माझ्या वर्गबंधूंना ठाऊक आहे. तरीही हा विषय घेतला, कारण त्याच्या गाभ्याशी असलेला एक प्रश्न सरांनी मला १९६५ साली विचारला होता, आणि त्याचे उत्तर मी साठ वर्षे देणे लागतो. त्या प्रश्नामागे माझा एक अपराध आहे. तो आधी कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

मी नववीत होतो. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका सर एका पत्र्याच्या पेटीत ठेवीत आणि पेटीला आकड्यांचे पितळी कुलूप असे. तीन चाके, प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ. मधल्या सुट्टीत मी दाराशी पहारा केला आणि माझ्या मित्राने कुलूप हातात घेतले. त्याचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. हात त्याला वारशाने मिळाला होता. त्याने कडी किंचित ओढून धरली, कान कुलपाला लावला आणि एकेक चाक फिरवू लागला. एका अंकाशी चाक जरासे अडखळे, बारीक ‘टक्’ असा आवाज होई. तो अंक धरून तो पुढच्या चाकाकडे वळे. कुलूप पाच मिनिटांत उघडले. त्या परीक्षेत मला शंभरांपैकी ब्याण्णव गुण मिळाले, आणि तेथेच घात झाला. कारण त्याआधी मी चाळिशी कधी ओलांडली नव्हती.

सरांनी छडी उचलली नाही. शाळा सुटल्यावर आम्हा दोघांना फळ्यापाशी उभे केले आणि विचारले, “या कुलपाच्या जुळण्या किती?” मी म्हणालो, “हजार, सर.” “तुम्ही किती करून पाहिल्या?” मित्र खाली मान घालून म्हणाला, “तीससुद्धा नाहीत.” सरांनी फळ्यावर दहा गुणिले दहा गुणिले दहा असे लिहिले आणि त्याखाली दहा अधिक दहा अधिक दहा. म्हणाले, “दुकानदाराने मला वरची ओळ विकली. तुम्ही खालची ओळ उघडलीत. गुणाकाराची बेरीज कोणी केली, ते मला सांगा.” आम्हाला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची परीक्षा पुन्हा घेतली. मला एकतीस गुण पडले. ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितली नाही, आणि मीही आजवर सांगितली नव्हती.

माझी नात बेंगळुरूला चिपांची सुरक्षा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षांमागे गणपतीला ती घरी आली असता, तू नेमके काय करतेस, असे मी विचारले. ती म्हणाली, “आजोबा, चिप गुपित हाताळत असते तेव्हा मी तिचा कानोसा घेते.” मी तिला हे कुलूप सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तुमच्या सरांनी आमचा सगळा धंदा दोन ओळींत लिहून ठेवला होता.” आजच्या व्याख्यानातले शास्त्र तिचे आहे, चुका झाल्या तर त्या माझ्या.

आता मूळ विषयाकडे येतो. बँकेचा व्यवहार असो की भ्रमणध्वनीवरचा निरोप, त्याचे रक्षण गेली काही दशके एका विशिष्ट गणिताने केले आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी मांडलेल्या पद्धतीचे मर्म असे की दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण. १९९४ साली पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले की क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर हे कठीण काम सोपे होते. तसा संगणक अद्याप बनलेला नाही. पण अंदाज घसरत चालले आहेत. प्रचलित २०४८ बिटांची संख्या फोडण्यास दोन कोटी सदोष क्युबिट आणि आठ तास लागतील, असा हिशेब २०१९ साली झाला होता. २०२५ च्या मे महिन्यात त्याच हिशेबकर्त्यांपैकी एकाने तो आकडा दहा लाखांच्या आत आणि मुदत आठवड्याच्या आत आणली. यंत्र जागच्या जागी असले तरी अंतर कमी होते ते असे.

येथे कोणी म्हणेल, यंत्र बनेल तेव्हा पाहू. माझ्या अभ्यासविषयातला दाखला देतो. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडून विटंबना होऊ नये म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. सकळ लिपी मुख्यतः अक्षरांच्या अदलाबदलीवर उभी आहे. शतकानुशतके पोथ्या होत्या, पण बाहेरच्या कोणाला वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने त्या बाहेरच्या जगाला वाचता येऊ लागल्या. मराठीला आद्य गद्य मिळाले, हे आपले भाग्य. पण ज्यांनी ती लिपी योजली त्यांच्या दृष्टीने पाहा. पोथी टिकते, कुलूप झिजते. आज तारांतून वाहणारा मजकूर कोणी नुसता साठवून ठेवला तर त्याला घाई नाही. रुग्णाचा अहवाल, राजदूताचा खलिता, कोणाच्या रक्ताची जनुकीय तपासणी, यांतले किती पंचवीस वर्षांनीही गुप्त राहावे लागेल, याचा विचार आजच करावा लागतो.

म्हणून नवे गणित शोधले गेले. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१६ साली जगभरच्या गणितज्ञांना आवाहन केले, आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानके प्रसिद्ध झाली. वाटेत काही उमेदवार कोसळले. २०२२ च्या उन्हाळ्यात एका नामांकित पद्धतीचा भेद बेल्जियममधील दोघा गणितज्ञांनी केला, तोही एका साध्या संगणकाच्या एकाच गाभ्यावर, तासाभरात, आणि क्वांटम संगणकाची मदत न घेता.

जे टिकले त्यातील प्रमुख पद्धतीची कल्पना मात्र सरांना आवडली असती. एकसामयिक समीकरणे ते किती आवडीने शिकवीत! दोन समीकरणे, दोन अज्ञात. वजाबाकी केली की उकल. आता समजा, प्रत्येक समीकरणाच्या उजव्या बाजूला कोणी मुद्दाम एखाद-दुसऱ्या अंकाची चूक घालून ठेवली. अज्ञातेही दोन नव्हेत, शेकडो. वजाबाकी करीत गेलो की त्या चिमुकल्या चुका एकमेकींत मिसळून फुगतात आणि उत्तर बुडवून टाकतात. ही कल्पना ओडेड रेगेव यांनी २००५ साली मांडली. मधल्या पातळीच्या मानकात गुपित म्हणजे ७६८ छोट्या संख्या असतात, प्रत्येक उणे दोन ते अधिक दोन यांच्यातली. हे कोडे क्वांटम संगणकालाही सुटेल, अशी रीत आजवर सापडलेली नाही.

आणि आता सरांचा प्रश्न. हे सारे फळ्यावरचे झाले. गुपित मात्र फळ्यावर राहत नाही. ते एका धातूच्या आणि वाळूच्या तुकड्यात राहते, त्या तुकड्याला वीज लागते, तो तापतो, त्याला प्रत्येक कामाला वेळ लागतो.

याची सर्वांत बोधक हकीकत १९४३ सालची आहे. अमेरिकी सैन्याच्या तारयंत्राचे संदेश गुप्त करणारे एक यंत्र बेल प्रयोगशाळेत तपासणीला होते. प्रत्येक संदेशाला नवी, एकदाच वापरायची फीत, म्हणजे ते गणिताच्या दृष्टीने अभेद्यच. एका संशोधकाच्या ध्यानात आले की यंत्राने एक पाऊल टाकले की प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑसिलोस्कोपवर बारीक उसळी उमटते. त्या उसळ्या तपासल्या तर त्यांतून मूळ संदेशच वाचता येतो, असे दिसले. सैन्याचा विश्वास बसेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर सैन्याच्या संदेशकेंद्रासमोर, सुमारे ऐंशी फुटांवर, बेलचे अभियंते एका इमारतीत बसले. तासभर नोंद घेतली आणि तीन-चार तासांनी सुमारे पंचाहत्तर टक्के मजकूर काढून दाखवला. कूट कोणीही फोडले नव्हते. यंत्र स्वतःच बोलत होते.

इंग्रजीत याला ‘साइड चॅनेल’ म्हणतात. मी आडवाट म्हणतो. पुढे १९९६ साली पॉल कोचर यांनी दाखवले की गणिताला लागणाऱ्या वेळावरूनही किल्ली कळते, आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्यांनी व सहकाऱ्यांनी चिपच्या वीजवापराच्या आलेखावरून किल्ली काढण्याची रीत प्रसिद्ध केली. सोळा घरांची किल्ली, प्रत्येक घरात २५६ शक्यता. सगळी एकदम ओळखायची तर विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. पण आलेख जर एकेका घराबद्दल वेगळे सांगत असेल, तर १६ गुणिले २५६, म्हणजे अवघ्या ४०९६ शक्यता तपासायच्या. दहा अधिक दहा अधिक दहा.

नवे गणित या बाबतीत अधिक मितभाषी असेल, असा माझा भाबडा समज होता. नातीने तो दूर केला. त्या ७६८ संख्यांपैकी प्रत्येकीला पाचच शक्यता. फळ्यावर पाचाचा सातशे अडुसष्टावा घात. आडवाटेने ७६८ गुणिले पाच, म्हणजे ३८४०. त्यात आणखी एक गंमत. सोळा बिटांच्या खणात शून्य लिहिले तर सोळाही घरे रिकामी असतात, आणि उणे एक लिहिला तर, संगणकाच्या रूढ पद्धतीप्रमाणे, सोळाही भरलेली. शून्य आणि उणे एक आपल्याला शेजारी वाटतात. चिपला एक कुजबुज आणि दुसरी आरोळी. वीज मोजणाऱ्याला हा फरक ऐकू येतो.

२०२३ च्या अखेरीस उघड झालेली एक चूक याहूनही साधी होती. या पद्धतीच्या अनेक आज्ञावलींत एका ठिकाणी गुपितावर अवलंबून असलेल्या संख्येला ३३२९ ने भागण्याची पायरी होती. काही प्रोसेसरांना लहान संख्येच्या भागाकाराला कमी वेळ लागतो, मोठीच्या भागाकाराला जास्त. बस्स. घड्याळ लावून बसणाऱ्याला तेवढे पुरले. भागाकाराऐवजी गुणाकार आणि स्थानांतर करून ती वाट बुजवण्यात आली. गणितात काडीची चूक नव्हती, आज्ञावलीतही उत्तर चुकत नव्हते. बरोबर उत्तर बरोबर वेळात येणे, हीही एक शर्त आहे, एवढेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

उपाय आहेत. सरांनीही एक केला होता. कुलूप त्यांनी फेकले नाही. गावातल्या एका लेथवाल्याकडे नेऊन त्यांनी प्रत्येक चाकावर खऱ्या खाचेजवळ तीन खोट्या खाचा पाडून घेतल्या. आता चाक चार ठिकाणी अडखळे आणि ‘टक्’ कोणते खरे ते कळेना. आजचे अभियंते याच जातीची युक्ती करतात: गुपिताचे यदृच्छेने दोन, तीन तुकडे करतात, असे की सर्वांची बेरीज म्हणजे गुपित, पण एकेक तुकडा निरर्थक. चिप तुकड्यांवरच काम करते. काम मंदावते, यदृच्छ अंकांची भूक वाढते, चिपचा आकार वाढतो. आणि छोट्या स्मार्ट कार्डाला मुळातच जागा थोडी. जुन्या पद्धतीची स्वाक्षरी ६४ बाइटांत मावे. नव्या प्रमुख पद्धतीची सर्वांत लहान स्वाक्षरी २४२० बाइटांची आहे. घर तेच आणि बिऱ्हाड चाळीसपट, तशातली गत.

एवढे करूनही अखेरचा शब्द लिहिता येत नाही. २०२२ च्या डिसेंबरात स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी गुपिताचे सहा तुकडे केलेल्या आज्ञावलीचाही भेद एका छोट्या प्रोसेसरवर केला. वीजवापराचे आलेख वाचायला त्यांनी यंत्रबुद्धी शिकवून तयार केली होती. काही वार्ताहरांनी लगेच बातमी दिली की यंत्रबुद्धीने नवे गणित मोडले. ती खोटी होती. मोडले होते ते एका यंत्रावर बसवलेले एक रूप. मराठीच्या मास्तराला हा भेद ओळखीचा वाटतो: पाठभेद सापडला म्हणून ग्रंथ खोटा ठरत नाही. पण ज्याच्या हातात ती एकच प्रत असते, त्याचे या भेदाने समाधान होत नाही, हेही खरे.

म्हणून मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती जे बदलता येत नाही त्याची. आज्ञावली रातोरात बदलता येते. चिप नाही. यंत्र सुरू होताना, आपल्याला मिळालेली आज्ञावली खरी की बनावट, हे ज्या किल्लीने ताडले जाते, ती पुष्कळदा चिपमध्ये कायमची कोरलेली असते. मोटारगाडी पंधरा वर्षे चालते, विजेचा मीटर भिंतीवर तेवढाच काळ राहतो, उपग्रहाला तर दुरुस्तीचा पाना लागत नाही. ज्या दिवशी कोरलेली पद्धत निकामी ठरेल, त्या दिवशी खोटी स्वाक्षरी घेऊन येणाऱ्याला यंत्र दार उघडून आत घेईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२२ च्या सप्टेंबरात नव्या पद्धतींचे वेळापत्रक दिले, तेव्हा या आज्ञावली-स्वाक्षऱ्यांना अग्रक्रम दिला तो यामुळेच. निरोपांचे रक्षण त्यामानाने सोपे. सिग्नलने ते २०२३ साली आणि ॲपलने २०२४ साली नव्या पद्धतीने सुरू केलेही.

ही भीती कल्पनेतली नाही. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा तेरा लाख वस्तीचा देश. तेथे ओळखपत्राच्या चिपवर नागरिकाची कायदेशीर स्वाक्षरी अवलंबून असते. लोक मतदानही तिच्या आधारे करतात. २०१७ साली चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की त्या कार्डांतली चिप आपल्या मूळ संख्या निवडताना एक ठरावीक सवय पाळते आणि त्या सवयीमुळे किल्ली शोधणे आवाक्यात येते. सुमारे साडेसात लाख कार्डे त्या चिपवर होती. गणित निर्दोष, चिपमधली संख्या निवडण्याची रीत सदोष. नोव्हेंबरच्या आरंभी सरकारने त्या कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली. देश तरला तो एका गोष्टीमुळे: त्याच चिपमध्ये दुसऱ्या एका गणिताची सोय आधीपासून ठेवलेली होती. लोकांनी घरबसल्या कार्डे नव्या पद्धतीवर नेली. ती दुसरी पद्धतही शोर यांच्या रीतीपुढे टिकणारी नाही, ही गोष्ट वेगळी.

भारत सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली, ६००३ कोटी ६५ लाखांची. त्यातून क्वांटम संगणक घडावेत ही इच्छा आपण सर्वच करू. पण त्याच दशकात या देशात जे मीटर, जी कार्डे, जी यंत्रे कोट्यवधींनी बसतील, त्यांच्या चिपांत दुसऱ्या कुलपाला जागा ठेवली आहे का, आणि पहिल्या कुलपाला कोणी कान लावून पाहिला आहे का, हे विचारणारी माणसे फार थोडी आहेत. माझ्या नातीच्या म्हणण्याप्रमाणे हे काम कंटाळवाणे असते. एकच क्रिया लाखो वेळा करायला लावायची आणि आलेख पाहत बसायचे. काही सापडले तर चिप बनवणारा रुसतो. नाही सापडले तर पगार कशाचा, असे विचारतो.

राहिला सरांचा प्रश्न: गुणाकाराची बेरीज कोणी केली? आम्हा दोघांना वाटले होते, आम्ही. उत्तर तसे नव्हते. तिन्ही चाके तंतोतंत सारखी कातलेली असती, तर कडी ओढल्यावर ती एकाच वेळी अडखळली असती, आणि एकेकाचे वेगळे काही कळलेच नसते. पितळ केसभर कमीजास्त होते. एक चाक आधी अडे, दुसरे मागून. त्या केसभर फरकाने तीन चाकांचे गुपित वेगळे करून आमच्या हाती दिले. आम्ही केवळ कान लावला.

सरांच्या चिरंजीवांनी ते कुलूप जपून ठेवले होते. ते त्यांनी मागल्या महिन्यात माझ्याकडे पाठवले, आणि काल रात्री मी ते नातीपुढे ठेवले. खोट्या खाचांची गोष्ट मी तिला मुद्दामच सांगितली नव्हती. पाच मिनिटांत ती म्हणाली, “आजोबा, प्रत्येक चाकाला चार जागा लागताहेत. कोणीतरी शहाण्याने हात फिरवलेला दिसतो.” मग तिने कागद घेतला, चार गुणिले चार गुणिले चार असे मांडले आणि एकेक जुळणी खोडीत बसली. कुलूप उघडले, पण एकावन्नाव्या जुळणीला. तोपर्यंत मधली सुट्टी केव्हाच संपली असती.

ते कुलूप आज मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. आकडा बंद पाकिटात मुख्याध्यापिका बाईंकडे दिला आहे. नववीच्या मुलामुलींनी पाकिटाच्या वाटेला जाऊ नये. कुलूप मात्र खुशाल हाताळावे, आणि किती जुळण्या लागल्या ते मला पत्राने कळवावे.